झूम एफ३ ध्वनिमुद्रक : बेळगाव-खानापुरातल्या दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

चित्रपटात किंवा वेब मालिकेत ऐकू येणारा पाऊस बहुतेक वेळा त्या दृश्यातला नसतो. तो कोणीतरी वेगळ्या दिवशी, वेगळ्या गावी जाऊन मुद्रित करून आणलेला असतो. ही गोष्ट मी आईला समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता पावसातसुद्धा भेसळ?" माझ्या व्यवसायाची याहून नेमकी व्याख्या मला आजवर करता आलेली नाही. मी साउंड डिझायनर आहे. काम पुण्या-मुंबईच्या निर्मात्यांचे करतो, राहतो मात्र बेळगावात, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गाडीच्या भोंग्यांचा माझ्याकडचा साठा गरजेपेक्षा बराच मोठा आहे आणि माझ्या घरात दिवसा केलेल्या प्रत्येक फोली मुद्रणात (पावले, कपडे, भांडी असे दृश्यातले आवाज नव्याने काढून केलेल्या मुद्रणात) एखादी तरी गाडी कुठेतरी दडलेली असते. बाकीचे, म्हणजे पाऊस, जंगल, बाजार, माग, मिरवणूक, देवळातली घंटा, हे सगळे मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत फिरून गोळा करतो. या भटकंतीत गेली दोन वर्षे माझ्या झोळीत झूम कंपनीचा एफ३ हा ध्वनिमुद्रक आहे, आणि त्याच्याविषयी सविस्तर लिहावे इतका तो आता माझ्या हाताखालून गेलेला आहे. (बैठकांसाठी वापरतात ते झूम वेगळे; ही जपानी कंपनी ध्वनिमुद्रणाची उपकरणे तयार करते. दुकानात हा खुलासा मला दोनदा करावा लागला होता.)

एफ३ हे यंत्र २०२२ साली बाजारात आले. तळहातावर मावेल एवढा हा ठोकळा बॅटरीसह सुमारे २४२ ग्रॅम वजनाचा आहे. त्याला स्वतःचा मायक्रोफोन नाही आणि अंगची साठवणही नाही; बाहेरचे दोन मायक्रोफोन जोडण्यासाठी कुलूपबंद होणारी दोन एक्सएलआर तोंडे (मायक्रोफोनच्या तीन टोकांच्या तारेसाठीची) आणि मायक्रोएसडी कार्डासाठी एक खाच, एवढ्यावरच त्याचा संसार चालतो. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनांना चालण्यासाठी लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पुरवठा, तो मायक्रोफोनच्या तारेतूनच देतो, आणि यूएसबीने संगणकाला जोडला की संगणकात आवाज आत-बाहेर नेणारा दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस म्हणूनही वापरता येतो. या यादीत असाधारण असे काही नाही. असाधारण आहे ते यंत्रावर नसलेले एक बटण. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर जी गोलाकार खुंटी आपण गृहीतच धरतो, ती लेव्हल लावण्याची, म्हणजे आवाज किती मोठा मुद्रित व्हावा हे ठरवण्याची, खुंटी या यंत्रावर नाही.

ही उणीव नसून सोय का आहे, हे समजण्यासाठी लेव्हल लावणे म्हणजे काय कटकट असते ते सांगायला हवे. नेहमीच्या २४ बिट मुद्रणात (बिट म्हणजे संगणकी आकड्यातले एक घर) प्रत्येक बिटामागे साधारण ६ डेसिबल या हिशेबाने सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातली सुमारे १४४ डेसिबलची तफावत कागदोपत्री मावते, पण तिला वर एक पक्के छत असते, आणि आवाज त्या छताला टेकला की त्याचा माथा कापला जातो. तो कापलेला माथा पुन्हा जोडता येत नाही. म्हणून आम्ही आवाजाचे शिखर उणे १२ डेसिबलच्या, म्हणजे छताच्या १२ डेसिबल खाली, आसपास राहील अशा बेताने खुंटी फिरवून ठेवतो आणि पुढे काय घडेल याचा अंदाज बांधत बसतो. पाऊस रिमझिम पडत असताना लावलेली लेव्हल वीज कडाडली की फसते. वीज कडाडेल या भीतीने खाली ठेवलेली लेव्हल रिमझिमीला पुरत नाही. एफ३ मध्ये प्रत्येक वाहिनीमागे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे दोन परिवर्तक आहेत. त्यांतला एक हलक्या आवाजासाठी तर दुसरा मोठ्या आवाजासाठी असून, दोन्हींचे निकाल सांधून यंत्र ३२ बिट फ्लोट पद्धतीच्या, म्हणजे दशांशचिन्ह गरजेप्रमाणे सरकवत आकडे लिहिणाऱ्या, फाइलमध्ये लिहून ठेवते. या पद्धतीत मावणारी तफावत कागदावर १५०० डेसिबलच्याही पलीकडे जाते. एवढी तफावत निसर्गात कुठेच नसल्यामुळे तो आकडा मिरवण्यापुरताच आहे, हेही लगेच सांगून टाकतो.

प्रत्यक्ष अनुभव कणकुंबीचा. मलप्रभेचा उगम जिथे आहे त्या गावाच्या अलीकडे, चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका परिचितांचे कौलारू घर आहे, आणि जुलैमधल्या पावसाचे मुद्रण करायला मी तिथे दोन रात्री राहिलो. पडवीत स्टँडवर दोन मायक्रोफोन एकमेकांपासून १७ सेंटिमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात, म्हणजे ओआरटीएफ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत बसवले, यंत्र चालू केले आणि मी आत जाऊन जेवायला बसलो. जुन्या यंत्राच्या काळात ही चैन मला परवडली नसती. हेडफोन कानाला लावून बोट खुंटीवर ठेवून बसावे लागले असते आणि ताटातला भात गार झाला असता. पाऊण तासाच्या त्या मुद्रणात सुरुवातीला पागोळ्या स्वतंत्रपणे मोजता येतात, मग कौलांवर पाऊस इतका कोसळतो की सगळ्याचा एकच गजर होतो, मध्येच अगदी डोक्यावर वीज फुटते, आणि शेवटी पाऊस ओसरल्यावर परसातल्या हौदातले बेडूक एकामागून एक सुरू होतात. हे सगळे एकाच फाइलमध्ये आहे. संगणकावर उघडल्यावर विजेच्या जागी लाट पट्टीच्या वर-खाली बाहेर गेलेली, माथा सपाट झाल्यासारखी दिसत होती. त्या तुकड्याचा आवाज १४ डेसिबलने खाली घेतला तेव्हा सपाट दिसणाऱ्या जागी लाटेचे टोकदार शिखर पुन्हा वर आले. उलट बाजूने बेडकांचा भाग तितकाच वर घेतला, तरी पाठीमागे अडचण होईल अशी खरखर आली नाही. ती १७ सेंटिमीटरची मांडणी चुकली असती तर मात्र कुठल्याच बिटांनी ती सुधारली नसती.

या सुखाची एक बाजू सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ३२ बिट फ्लोटची फाइल पुढच्या माणसानेही त्याच पद्धतीने हाताळली तरच तिचा उपयोग असतो. एका संकलन कक्षात माझ्या फाइली सोयीसाठी आधी २४ बिटमध्ये बदलून घेतल्या गेल्या आणि लेव्हल नंतर खाली करण्यात आली. साहजिकच विजेचा माथा वाटेतच छाटला गेला, आणि "तुमचे मुद्रण फाटलेले आहे" असा निरोप मला मिळाला. तेव्हापासून फाइली पाठवताना मी स्वतःच लेव्हल खाली आणून, ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) आणि २४ बिट अशी तयार प्रत सोबत ठेवतो. यंत्राने काम वाचवले ते असे काही प्रमाणात परत अंगावर येते.

आता जे यंत्र करू शकत नाही त्याविषयी, कारण जाहिराती आणि चित्रफिती पाहून "या यंत्रात आवाज कधी फाटतच नाही" असा जो समज पसरला आहे त्याला मीही बळी पडलो होतो.

बेळगावात नाटकाची हौस जुनी आहे आणि हौशी संघांचे प्रयोग सतत होत असतात. अशाच एका प्रयोगाचे मुद्रण करून देण्याचे मी मान्य केले. नाट्यगृहातल्या ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून दोन तारा थेट यंत्राला जोडून घेतल्या, लेव्हलची चिंता नसल्यामुळे निश्चिंत मनाने शेवटच्या रांगेत जाऊन बसलो आणि पहिला अंक हसतखेळत पाहिला. मध्यंतरात हेडफोन लावून ऐकले तर नायकाचा प्रत्येक चढा शब्द चिरकलेला होता. चूक सर्वस्वी माझी होती. एफ३ मध्ये प्रत्येक तोंडासाठी माइक (मायक्रोफोनच्या क्षीण संकेतासाठी) आणि लाइन (मिक्सरसारख्या यंत्रांच्या जोरकस संकेतासाठी) असे दोन पर्याय आहेत. माइकच्या पर्यायात यंत्र जास्तीत जास्त अधिक ४ डीबीयू (विजेच्या संकेताची ताकद डेसिबलमध्ये मोजण्याचे माप) एवढा संकेत झेलू शकते, लाइनच्या पर्यायात अधिक २४ डीबीयू. म्हणजे दोघांमध्ये २० डेसिबलचा फरक. मिक्सरमधून लाइनचा दणकट संकेत येत असताना माझा पर्याय आदल्या आठवड्यातल्या पावसासाठी ठेवलेला, माइकचाच राहिला होता. अशा वेळी आवाज फाटतो तो परिवर्तकाच्याही आधी, यंत्राच्या दारातच, आणि पुढे कितीही बिट असले तरी फाटलेलाच आवाज इमानाने लिहिला जातो. घरी येऊन लेव्हल खाली घेतली तेव्हा कणकुंबीच्या विजेसारखे शिखर काही वर आले नाही. सपाट माथा सपाटच राहिला, फक्त बुटका झाला. खऱ्या आणि खोट्या फाटण्यातला फरक ओळखण्याची ही सोपी कसोटी आहे, आणि ती मला एका अंकाच्या मोबदल्यात मिळाली. दुसरा अंक मात्र स्वच्छ आहे. संघातली मंडळी भली, त्यांनी एवढेच विचारले की पहिल्या अंकात नायकाचा घसा बसला होता का.

हेच तत्त्व मायक्रोफोनलाही लागू होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या मिरवणुकीचे आवाज मला दर वर्षी हवे असतात, कारण ढोल-ताशांचे जे तयार साठे विकत मिळतात त्यांत गर्दी फार शिस्तीची वाटते. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी पथकाच्या अगदी जवळ, ताशांपासून दोन-तीन हातांवर उभा राहिलो. यंत्राने काहीही तक्रार केली नाही, पण मायक्रोफोनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक भागाची सहनशक्ती संपली होती, आणि ताशाच्या प्रत्येक आघाताला पत्रा फाटल्यासारखा आवाज चिकटला. दुसऱ्या वर्षी एका परिचितांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मायक्रोफोन लावले. तिथून पथक गल्लीच्या तोंडाशी वळताना आधी फक्त ढोलाची घुम येते, मग घरांच्या भिंतींवरून परतणारा ताशा, मग एकदम सगळे समोर, आणि पथक पुढे गेल्यावर मागे उरलेला चपलांचा आणि शिट्ट्यांचा कल्लोळ. दिग्दर्शकाला हवी असते ती ही ये-जा. लेव्हल लावण्यात पूर्वी जे लक्ष खर्ची पडत असे ते आता कुठे उभे राहायचे यावर देता येते, आणि एफ३ चा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा हाच आहे. पण ते लक्ष तिथे दिले नाही तर यंत्र तुमची चूकसुद्धा तितक्याच तपशिलाने जपून ठेवते.

तीच गोष्ट शांततेची. प्रत्येक दृश्याखाली त्या जागेची स्वतःची शांतता, ज्याला आम्ही रूम टोन किंवा अ‍ॅम्बियन्स म्हणतो, ती अंथरावी लागते, नाहीतर संवादांच्या मधल्या फटीत प्रेक्षकाला पोकळी जाणवते. जांबोटीच्या बाजूला पहाटे तीन वाजता मिळणारी शांतता शहरात मिळत नाही. एफ३ चे प्रवर्धक, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारे भाग, शांत आहेत. उत्पादक त्यांचा अंगभूत गोंगाट उणे १२७ डीबीयू एवढा सांगतो आणि माझ्या कानांना तो दावा पटतो. परंतु मायक्रोफोनलाही स्वतःचा गोंगाट असतो, आणि माझी जोडी मध्यम किमतीची असल्यामुळे त्या पहाटे मला जी सूं ऐकू येते ती जंगलाची नसून माझ्या मायक्रोफोनांची असते. जास्त बिटांमुळे ती कमी होत नाही. ज्यांना निव्वळ शांतता मुद्रित करायची आहे त्यांनी यंत्रावर खर्च करण्याआधी कमी गोंगाटाच्या मायक्रोफोनसाठी पैसे बाजूला काढावेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पावसाळ्याचा आणखी एक प्रसाद म्हणजे ओल. खानापूरच्या पश्चिमेकडच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाच घाम फुटतो, आणि कंडेन्सर मायक्रोफोनच्या पडद्यावर ओल बसली की मुद्रणात लाह्या फुटल्यासारखी तडतड सुरू होते. पहिल्यांदा हा आवाज आला तेव्हा मी यंत्रालाच दोष दिला, तारा बदलल्या, कार्ड बदलले आणि शेवटी मायक्रोफोनांची अदलाबदल केल्यावर तडतड डाव्या कानातून उजव्या कानात गेली, तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. आता मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतो आणि वापरण्याआधी थोडा वेळ खोलीच्या हवेशी जुळू देतो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तांदळाची पूड मायक्रोफोनच्या जाळीत शिरते, तेव्हा तो सल्ला मोबाइलपुरताही पाळू नये.

गोकाकच्या धबधब्याला मी हे यंत्र घेऊन गेलो होतो, पण त्याविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. ५२ मीटरवरून घटप्रभा कोसळताना डोळ्यांना जे दिसते ते कानांना मिळत नाही. समोर उभे राहून केलेले मुद्रण नुसते ऐकले तर ते स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखे वाटते. उपयोगी आवाज मिळाले ते बरेच दूर, खडकांच्या कपारीतून निथळणाऱ्या पाण्याचे.

वडगावच्या मागांनी मात्र माझी एक रात्र कारणी लावली. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत घराघरांतून यंत्रमाग चालतात आणि त्यांच्या तालावर गल्ली झोपते. एका विणकर काकांनी मोठ्या मनाने त्यांच्या मागाशेजारी यंत्र मांडू दिले. मी हेडफोन लावून उकिडवा बसलेला पाहून ते म्हणाले, "मागाचा आवाज रेकॉर्ड करालायसा? तो काय आवाज ओ, तो बंद पडला म्हंजे आमाला ऐकू येतंय." एफ३ मध्ये सेकंदाला १,९२,००० नमुने घेण्यापर्यंतची सोय आहे, आणि ती मी इथे वापरली. असे मुद्रण ४८ किलोहर्ट्झच्या गतीने, म्हणजे चौपट संथ वाजवले की सगळे स्वर दोन सप्तके खाली उतरतात. धोट्याचा सपकारा एखाद्या अवजड दरवाजाच्या सरकण्यासारखा होतो आणि फणीचा ठोका जमिनीखालून आल्यासारखा वाटतो. साध्या ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणावर हाच प्रयोग केला तर वरचे सगळे तपशील आधीच गाळले गेलेले असल्यामुळे नुसता मळकट आवाज हाती लागतो. अर्थात, मायक्रोफोनही तेवढ्या वरच्या कंपनांपर्यंत पोहोचणारा हवा, नाहीतर फुगलेल्या फाइलीत वरच्या मजल्यावर रिकाम्या खोल्याच राहतात. साठवणीचा हिशेब असा की दोन वाहिन्यांच्या मुद्रणाला ४८ किलोहर्ट्झवर तासाला सुमारे १.४ जीबी लागतात आणि १९२ किलोहर्ट्झवर त्याच्या चौपट, म्हणजे साडेपाच जीबीच्या आसपास. पावसासाठी ९६ चा पर्याय मला पुरेसा वाटतो, संवादांसाठी ४८.

यंत्राच्या लहान आकाराचे महत्त्व मला कळले ते बसस्थानकावर. सीमाभागात हातात मायक्रोफोन धरून सार्वजनिक ठिकाणी उभे राहणे म्हणजे "कुठल्या चॅनेलचे?" या प्रश्नाला आमंत्रण. मराठीत विचारणारे असतात, कन्नडमध्ये विचारणारे असतात, आणि कुठल्याही चॅनेलचा नाही असे सांगितल्यावर संशय कमी होण्याऐवजी वाढतो. एफ३ झोळीत राहतो, दोन चिमुकले लेपल (कपड्याला टाचायचे) मायक्रोफोन झोळीच्या दोन्ही पट्ट्यांना टाचलेले असतात, आणि कानातल्या इअरफोनमुळे मी गाणी ऐकत उभा आहे असे वाटते. (कोणाचे खासगी बोलणे स्पष्ट ऐकू येत असेल तर तो भाग मी कापून टाकतो, गर्दीतून मला लागते ती कुजबुज, मजकूर नव्हे.) या पद्धतीने बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाचे एक उत्तम मुद्रण हाती आले आणि कोल्हापूरकडच्या एका गावात घडणाऱ्या कथेसाठी मी ते पाठवून दिले. दुसऱ्याच दिवशी ते परत आले. पाठीमागच्या घोषणा कन्नड होत्या, त्या काढून टाका, असे कळवण्यात आले. घोषणा काढता आल्या असत्या, पण त्याहून मोठी चूक माझ्या लक्षात आली ती नंतर. महाराष्ट्राच्या एसटीत कंडक्टर दोरी ओढून घंटी देतो आणि आमच्या इकडच्या बसमध्ये शिट्टी फुंकतो. त्या मुद्रणात बस हलते ती शिट्टीवर. लाल डबा पडद्यावर आणि शिट्टी कानावर, ही भेसळ चंदगडच्या कोणत्याही प्रवाशाने एका क्षणात पकडली असती. शेवटी मी यंत्र घेऊन चंदगडला गेलो आणि घंटी आणली. ती बेळगावची फाइल मी जपून ठेवली आहे. घोषणा कन्नड, शेंगदाणेवाल्याची आरोळी मराठी, आणि तिकिटावरून चाललेली हुज्जत अर्धी-अर्धी. आमच्या भागात घडणारी एखादी कथा माझ्याकडे येईपर्यंत ती थांबेल.

वापरण्यातल्या काही गैरसोयी सांगायच्या राहिल्या. दोन एए बॅटऱ्यांवर यंत्र चालते ही खेड्यापाड्यांत मोठीच सोय आहे, कारण त्या किराणा दुकानात मिळतात. परंतु दोन्ही मायक्रोफोनांना फँटम पुरवठा द्यायचा म्हटले की चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांवर मला साडेतीन-चार तासांपलीकडे भरवसा वाटत नाही. रात्रभराच्या मुद्रणासाठी मी यूएसबीतून पॉवर बँक जोडतो. तिथेही एक मेख आहे. काही पॉवर बँका जोडलेले उपकरण फार थोडी वीज घेत आहे असे दिसले की ते पूर्ण चार्ज झाल्याचे समजून स्वतः बंद पडतात. माझी पहिली पॉवर बँक अशीच स्वाभिमानी निघाली आणि खानापूरच्या एका रात्रीतले पहाटेचे पक्षी, ज्यांच्यासाठी मी गेलो होतो, ते हुकले; त्यात शीळ कस्तूरही होता, आणि तो माणसाने ओळखीची चाल अर्धवट आठवून शीळ घालावी तसा गातो. दूरवरून यंत्र चालू-बंद करायचे असेल तर ब्लूटूथचा जोड वेगळा विकत घ्यावा लागतो. पडदा लहान आहे, चाळिशी लागलेल्यांनी चष्मा विसरू नये. पाव इंची जॅक थेट बसत नाही, त्यामुळे गावोगावच्या मंडपांतल्या मिक्सरना जोडण्यासाठी झोळीत दोन-तीन जातीच्या तारा बाळगाव्या लागतात. आणि वाहिन्या दोनच आहेत. चार कलाकारांना चार लेपल लावून सिंक साउंडचे, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच संवाद मुद्रित करण्याचे, चित्रीकरण करायचे असेल तर हे यंत्र तुमच्या कामाचे नाही, त्यासाठी याच कंपनीचे आणि इतरांचेही अधिक वाहिन्यांचे मुद्रक आहेत.

किमतीचा आकडा इथे देत नाही, कारण तो दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. माझ्या दोन मायक्रोफोनांच्या जोडीपेक्षा हे यंत्र मला स्वस्त पडले, एवढे सांगितले तरी या धंद्यातल्या माणसाला अंदाज यावा. एकट्याने फिरून सभोवतालचे आवाज गोळा करणाऱ्यासाठी, नाटक-कीर्तन-मैफलींची दोन वाहिन्यांची मुद्रणे करणाऱ्यासाठी आणि लघुपट काढणाऱ्या दोन-तीन जणांच्या मंडळीसाठी मी ते निःसंकोच सुचवतो. नव्याने या कामात येणारी बेळगावातली मुले यंत्र कोणते घेऊ असे विचारत येतात, तेव्हा मात्र मी आधी मायक्रोफोनवर चढवायची केसाळ टोपी चांगल्या प्रतीची घ्यायला सांगतो. चोर्ला घाटातला वारा मायक्रोफोनच्या पडद्याला थेट ढकलतो आणि त्या धडधडीखाली दबलेला पाऊस कोणत्याच बिटांतून बाहेर काढता येत नाही. माझी स्वतःची पहिली टोपी स्वस्तातली होती, आणि तिच्या भरवशावर मुद्रित केलेल्या पहिल्या पावसाळ्यातल्या सहा तासांपैकी वापरण्याजोगा भाग अकरा मिनिटांचा निघाला. त्यातली चार मिनिटे एका मालिकेत लागली आहेत, आईने तो भाग पाहिला आणि विचारले, "हा आपला की बाहेरचा?"